अमानत म्हटलं की

१२ जानेवारी

ताई,

आईचा हुकूम आहे, आपण दोघांनी फोनवर बोलायचं नाही. मी भडकतो, तू फोन ठेवून देतेस, आणि मग ती आलटूनपालटून दोघांची समजूत घालत बसते. म्हणून हे पत्र. हसू नकोस. याआधीचं पत्र मी मुख्याध्यापकांना लिहिलं होतं, पोट दुखत असल्याबद्दल.

बाबांना सांग, कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून त्यांचा मुलगा वाया गेलेला नाही. मला नोकरी आहे, ऑक्सिजन भरण्याच्या कारखान्यात. मी राहतो त्या आत्याच्या यजमानांना घरी ऑक्सिजन लागतो हे तुला माहीतच आहे. त्यांचा रिकामा सिलिंडर बदलून आणायला गेलो, तर खिडकीपाशी करड्या कपड्यांतली एक मुलगी म्हणाली, "अहो, उभा धरा तो. पोतं आहे का?" भरलेला सिलिंडर टेम्पोने घरी गेला, मी मनाने तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी अर्ज केला. तिला इथे सगळे 'तिखट' म्हणतात. मी अजून काहीच म्हणत नाही.

आणि मी घाबरलोय. हे फक्त तुला सांगतो. इथल्या वायूला रंग नाही, वास नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा ठिपका लागला तर काडी ओढावी लागत नाही, आपोआप पेट घेतो. म्हणून भरणीच्या खोलीत कोणाच्या केसांना तेल नाही, हाताला क्रीम नाही. सिलिंडर रांगेत उभे करून वाकड्या नळ्यांनी मोठ्या पाइपाला जोडायचे, वॉल्व्ह अगदी हळू उघडायचे आणि मग रांगेतून फिरत एकेकावर हात ठेवायचा. भरताना सिलिंडर कोमट होतो. सगळे सारखे कोमट हवेत. एखादा थंड राहिला तर तो भरत नाहीये. एखादा जास्त तापला तर मात्र देवाचं नाव घ्यायचं.

आणि एवढं कळूनही तुझ्या भावाने काय केलं असेल? तिखटच्या शेजारी उभं राहायचं होतं म्हणून मनगटाला अत्तर लावून गेला. खरं अत्तर, तेलातलं. मी दारात पाऊल टाकलं, तिने नाक वर केलं आणि मोठ्याने म्हणाली, "अमानत!" मला वाटलं नमस्कार करतेय. पण सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. कॉम्प्रेसर बंद. कोणी 'काय झालं' म्हणून विचारलंसुद्धा नाही.

मग अंगणात मशवरा बसला, म्हणजे सल्लामसलत. मालक हाजीसाहेब, ऐंशीच्या घरातले, म्हणाले, "सगळ्यात लहान कोण? तू? मग तू आधी बोल."

"मी अत्तर लावलंय."

"कशासाठी?"

आमचे फोरमन, ज्यांना आम्ही उस्ताद म्हणतो, ते म्हणाले, "हाजीसाहेब, कारण त्याच्या तोंडावर आहे. बघा, लाल होतंय."

सगळे खदखदून हसले, ती सोडून. हाजीसाहेबांनी आधी तिचे आभार मानले, काम थांबवल्याबद्दल. मग मला साबणाने हात धुवायला पाठवलं. रागावले नाहीत गं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तुझा,
छोट्या

२६ जानेवारी

प्रिय भडक्या,

तुझं पत्र कॅन्टीनमध्ये वाचलं आणि चहा नाकातून आला. अत्तर! तुला कॉलेजातून काढायची गरजच नव्हती, तूच स्वतःला कुठूनही काढू शकतोस.

बाबांना नोकरीचं सांगितलं. 'हं' म्हणाले. त्यांचं 'हं' म्हणजे अर्धी परवानगी, तुला ठाऊक आहे. तू कॉलेजात मुळात का भांडलास ते मात्र त्यांना अजून कळलेलं नाही, आणि मलाही.

माझं इथे बरं चाललंय. मुख्य कार्यालयात आमचा विभाग 'माणसं आणि मूल्यं' बघतो. नावावर हसायचं असेल तर हसून घे. मला तुझ्या त्या मशवऱ्याची गोष्ट मनापासून आवडली. लहान माणूस आधी का बोलतो? आणि एखाद्याने उगाचच 'अमानत' म्हटलं तर? सगळं नीट लिही, त्यांच्याच शब्दांत. आणि हेही सांग, तिथली दाबमापकं किती जुनी आहेत? मास्क देतात का? नुसत्या चांगल्या माणसांनी सिलिंडर फुटायचे थांबत नाहीत.

तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ताई,

भांडणाचं आधी सांगून टाकतो. धोरणात्मक व्यवस्थापनाच्या तासाला सर पडद्यावरून वाचत होते, संस्थेची मूल्यं अशी असावीत, तशी असावीत. मी विचारलं, "सर, ही ठरवतं कोण?" ते म्हणाले, "व्यवस्थापन." मी म्हटलं, "आणि पाळतं कोण?" वर्ग हसला. सर म्हणाले, "बाहेर व्हा." मी बाहेर झालो, तो परत गेलोच नाही. बाबांना यातलं काही सांगू नकोस, त्यांना सरांचंच पटेल.

आता तुझे प्रश्न. लहान आधी का, हे मीही हाजीसाहेबांना विचारलं. म्हणाले, "मी आधी बोललो तर तुम्ही सगळे माना डोलावणार. मग मला काय कळणार?" सगळ्यांचं ऐकून निर्णय ते घेतात. एकदा घेतला की त्याची जबाबदारी त्यांची, बोलणाऱ्याची नाही.

अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. ते म्हणतात, हा ऑक्सिजन आपला नाही, कुणाच्या तरी छातीतला आहे, आपल्याकडे फक्त थोडा वेळ ठेवलाय. तुझ्यासाठी एका वाक्यात सांगतो: अमानत म्हटलं की सगळे हात थांबतात, विचारणं नंतर. उगाच कोणी म्हणत नाही. का म्हणेल? उरलेला दिवस सगळे त्याच्या तोंडाकडे बघतील ना. आणि वर कोणी बघत नसताना ईश्वर बघतोय असं समजून हात चालवायचा, याला म्हणतात एहसान, हे उस्तादांचं रोजचं कीर्तन.

मापकं? जुनी. एकाची काच तडकलेली आहे. मास्क मागितला तर मिळतो, न मागितला तर नाही. हाजीसाहेब वॉल्व्ह घेतात ते जुन्या दोस्ताकडून, आणि तपासायला काढले की म्हणतात, "अरे, त्याच्यावर शक?" म्हणजे तू म्हणतेस त्यात तथ्य आहे. मान्य करतो, नोंद घे.

भीतीची बातमी अशी की हाजीसाहेब कारखाना विकणार म्हणतात. मुलं परदेशी, कोणाला यात रस नाही. आज फाटकापाशी टाय लावलेली माणसं फिरत होती. तिखट मला म्हणाली, "तू तर कॉलेजवाला. सांग, असे लोक आले की काय होतं?" ती पहिल्यांदाच स्वतःहून बोलली, म्हणून तिचा प्रश्न तुझ्याकडे पाठवतोय.

छोट्या

४ मार्च

छोट्या,

उशीर झाला, काम फार आहे.

कारखाना विकला गेला तर आकाश कोसळेल असं समजू नकोस. नवी मापकं येतील, मास्क येतील, आत्याच्या यजमानांना सिलिंडर वेळेवर मिळेल. नवीन माणसं वाईटच असतात हे तुझं ठरलेलं आहे, कारण तुला ठरवायला वेळ लागत नाही. जरा थांब, बघ. आणि कृपा करून पहिल्याच आठवड्यात कोणाला 'हे ठरवतं कोण' म्हणून विचारू नकोस.

तिखटला सांग, काही होणार नाही.

ताई

१९ एप्रिल

ताई,

काय काय झालं ते क्रमाने लिहितो, कारण मला ओरडावंसं वाटतंय आणि कागदावर ओरडता येत नाही.

कारखाना गेला. हाजीसाहेब शेवटच्या दिवशी प्रत्येकाचा हात हातात घेऊन गेले. नवे साहेब आले. त्यांच्या प्रत्येक चित्रात खालून वर जाणारा बाण असतो, म्हणून त्यांचं नाव पडलं 'बाणसाहेब'. माणूस आवाज चढवत नाही, सगळ्यांना 'आपण' म्हणतो. भरणीच्या खोलीच्या वर त्यांना काचेची केबिन बांधून दिलीये. नवी मापकं आली, चकचकीत. मास्क सक्तीचे. जुन्या दोस्ताचे सगळे वॉल्व्ह तपासून निम्मे भंगारात काढले. यात मला एक शब्द बोलायला जागा नाही, आणि मी बोललोही नाही. शहाण्यासारखा वागलोय.

मग भिंतीवर फलक लागले. मोठे, निळे. 'अमानत. मशवरा. एहसान. आमची मूल्यं.' आम्हाला बरं वाटलं. हाजीसाहेबांना मुद्दाम बोलावून दाखवले. म्हातारा फलकासमोर उभा राहून रडला. म्हणाला, "मला वाटलं होतं हे माझ्याबरोबर जाईल."

त्यानंतर गुण आले. जो 'अमानत' म्हणून काम थांबवेल त्याला गुण. महिन्याचा पहिला आला त्याचा फोटो दारात. ताई, महिनाभर इथे जत्रा होती. कोणाच्या नाकावर माशी बसली, अमानत. झाडू आडवा पडला, अमानत. उस्तादांना शिंक आली तर तिघं एकदम ओरडले. आणि या सगळ्यात पहिला कोण आला? तुझा भाऊ. दारात माझा फोटो. मला वाटलं तिखट बघेल. तिने बघितला. म्हणाली, "शोभतोस. आता आग लागली तरी तुझं कोण ऐकणार?"

तिथेच थांबलं असतं तर हे पत्र गमतीचं झालं असतं. पण आज जेवणाच्या सुट्टीत मी फोटोखालचा फलक पहिल्यांदा नीट वाचला. खाली बारीक अक्षरात आहे: 'अमानत म्हटलं की सगळे हात थांबतात, विचारणं नंतर.'

हे वाक्य इथे कोणी बोलत नाही. हे वाक्य मी लिहिलं. एकाच माणसाला.

उत्तर दे.

२८ एप्रिल

छोट्या,

हो. तुमचा कारखाना घेणारी कंपनी माझीच आहे. जानेवारीत तुझं पत्र आलं तेव्हा मला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. सांगायला बंदी होती, आणि बंदी नसती तरी मी तुला सांगितलं असतं का, ठाऊक नाही. तू भर अंगणात जाहीर केलं असतंस.

पण एक ऐक. मूळ योजनेत तुमचा मशवराही नव्हता आणि तो शब्दही नव्हता. भरणी दुपटीने वाढवणं, माणसं कंत्राटावर घेणं, एवढंच होतं. मी तुझं पत्र पुढे ठेवून म्हटलं, हे घालवलंत तर त्या कारखान्याचं घेण्यासारखं काय राहिलं? त्यांना पटलं. मला फार आनंद झाला होता रे. आमच्याकडे जे मोजलं जात नाही ते पुढच्या वर्षी कापलं जातं. म्हणून मीच म्हटलं, हे मोजा. थांबवणाऱ्याला गुण द्या. मला वाटलं, असं केलं की कोणाला हात लावता येणार नाही.

जत्रेचं माझ्या डोक्यात आलं नाही. तुझं वाचून अंगावर काटा आला. मी वर कळवते.

रागाव, पण पत्र लिहीत राहा.

ताई

२३ मे

ताई,

तू वर काय कळवलंस? काहीतरी कळवलंस खरं, कारण गुण उलटले.

आता ज्या शिफ्टमध्ये कोणी काम थांबवेल त्या शिफ्टचे गुण वजा. बाणसाहेबांनी समजावून सांगितलं, शांतपणे, नेहमीसारखं. "थांबे फार होतायत. जबाबदारीने वापरा." ज्या शिफ्टचे गुण खाली जातील तिची कंत्राटं पुढे चालू राहतीलच असं नाही. तिखट कंत्राटावर आहे. तिच्या घरी कमावणारी ती एकटी आहे. उस्तादांची नातही आमच्याच शिफ्टमध्ये, कंत्राटावरच.

फलक तसेच आहेत. रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसतात.

मशवरा अजून बसतो. लहान आधी बोलतो, म्हणजे मीच. पण आता वरच्या कार्यालयातली एक बाई येऊन लिहून घेते, कोण काय म्हणालं. पहिल्यांदा मी म्हटलं, भरणी फार वेगात चाललीये, सिलिंडर कोमट नाही, गरम लागतात. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हणजे आपण कामाचा वेग कमी करण्याचा प्रस्ताव मांडताय?" मी इकडेतिकडे पाहिलं. एकाने मान वर केली असेल तर शपथ. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, सगळं छान आहे. ताई, मी! ज्याने सरांना भर वर्गात उलट विचारलं, तो मी.

नवी मापकं आहेत ना, म्हणशील. आहेत. ती दाब दाखवतात, पाइपाचा. एकट्या सिलिंडरला काय होतंय ते हातालाच कळतं. आणि आता फिरून हात लावायला वेळ ठेवलेला नाही. मी धावत धावत लावतो. घरी आलो की तळहात जेवताना बघत बसतो. आत्या विचारते, "काय भविष्य बघतोस का?"

खोटं बोलायला नको म्हणून लिहितो: मला भीती वाटते, रोज, आत जाताना. तिखट माझ्यासमोरच्या रांगेत असते.

काहीतरी कर.

३१ मे

छोट्या,

मी बोलले. गुण उलटवण्याचा निर्णय माझ्या वरच्यांनी घेतला, मला न विचारता. मी पाठवलेल्या अहवालात 'शब्दाचा अतिवापर' असं लिहिलं होतं, त्यांनी त्यातलं तेवढंच वाचलं. तिमाही संपेपर्यंत काही बदलता येणार नाही, असं उत्तर मिळालं. तिमाही संपायला थोडेच आठवडे आहेत.

माझीही खुर्ची सध्या डळमळतेय, ते सविस्तर नंतर.

तोवर, मी तुझी मोठी बहीण म्हणून सांगते, तू तो शब्द म्हणू नकोस. तुझ्या नावावर आधीच महिनाभराचा पोरखेळ आहे. पुन्हा तूच थांबवलंस तर तुला काढतील, आणि कदाचित तिलाही. मास्क लाव. रांगेच्या टोकाला उभा राहा, दाराजवळ.

माझ्यासाठी एवढं कर.

ताई

१३ जून

ताई,

आता मी ठीक आहे, आधी हे वाच. मग पुढचं.

सकाळची शिफ्ट होती. मी तुझं ऐकलं होतं, दाराजवळच्या टोकाला होतो. रांग अर्धी भरत आली आणि मी हात लावत निघालो. गरम, गरम, गरम, आता सगळेच गरम असतात. मग तिखटच्या रांगेतल्या एका सिलिंडरवर हात ठेवला आणि तो आपोआप मागे आला. चहाच्या भांड्याला चुकून हात लागल्यावर येतो तसा. वर नळीच्या जोडापाशी बारीक शिट्टी वाजत होती. काहीतरी करपल्याचा वास होता, जिथे कसलाच वास नसतो तिथे.

शब्द लगेच आला नाही. आधी मला तुझं पत्र आठवलं, मग तिचं कंत्राट, मग उस्तादांची नात. हे सगळं आठवायला लागलेला वेळ मी तुझ्या आणि माझ्या दोघांच्या नावावर टाकतो.

मग मी म्हणालो, "अमानत."

आणि ताई, हात थांबले नाहीत.

ऐकू गेलं नाही असं नव्हतं. उस्तादांची मान किंचित हलली. तिखट माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर होती, तिने पुढच्या वॉल्व्हला हात घातला. मी पुन्हा म्हटलं. कोणीतरी मागून म्हणालं, "झालं याचं सुरू. आता गुण मिळत नाहीत रे बाबा." कोणीतरी हसलं. तिसऱ्यांदा मी किंचाळलो, आणि कोणाची वाट न बघता मुख्य वॉल्व्हकडे धावलो. तो फिरवत होतो तेव्हा मागे पांढरा उजेड पडला. आवाज मोठा नव्हता. मोठं कापड टरकन फाडावं तेवढाच.

जोड पेटला होता. मुख्य पुरवठा बंद झाल्यामुळे पुढे गेला नाही. फक्त नळी जळाली. आणि तिखटचा उजवा हात, मनगटापासून कोपरापर्यंत.

मी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली, कातडी येईल. तिची आई बाहेर गेल्यावर मी विचारलं, "तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं."

"मग?"

"पहिला आलेल्याचा फोटो आठवला. मग कंत्राट आठवलं. मग वाटलं, असेल खरं, पण एवढी रांग होऊ दे." आणि लगेच म्हणाली, "तोंड पाडू नकोस. अत्तर लावून आलास तेव्हाच कळायला हवं होतं, तू जाशील तिथे जाळपोळ."

ती विनोद करत होती आणि मी रडत होतो. असं माझं प्रेमप्रकरण.

बाणसाहेबही आले होते, फळं घेऊन. खरंच हादरलेले होते. मला म्हणाले, "आपण सांगायला हवं होतंत." मी उठून निघालो. बाहेर जिन्यात उस्ताद बसले होते, हातात टोपी. मला पाहून उठले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसलो.

तू मला म्हणालीस, म्हणू नकोस. तुझा राग नाही. मला तुझी भीती वाटली गं, पहिल्यांदा.

छोट्या

२४ जून

छोट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग माझं ३१ मेचं आठवलं. 'दाराजवळ उभा राहा.' मी हे लिहिलं. दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीचा हात जळेल तेव्हा माझा भाऊ दाराजवळ असावा, एवढाच माझा हिशोब होता.

आमच्या बैठकीत मोठे आधी बोलतात. अध्यक्ष, मग बाकीचे, आणि आमच्या विभागाची पाळी येईपर्यंत बिस्किटं संपलेली असतात. काल अध्यक्षांनी 'दुर्दैवी घटना' असं सुरू केलं आणि मी मध्येच बोलले. म्हटलं, दुर्दैव नाही. माणसाने तीन वेळा सांगितलं आणि कोणी थांबलं नाही, कारण आधी आपण बोलण्याचं बक्षीस दिलं आणि मग बोलण्याची शिक्षा. बक्षिसाची कल्पना माझी होती. तो ओरडणारा माझा भाऊ आहे, आणि हे मी कंपनीपासून लपवलं होतं. आता ज्याला जे करायचं ते करा, पण गुण आजच्या आज काढा.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं, हे तू जानेवारीत लिहिलं होतंस, ते मला काल कळलं.

गुण रद्द झालेत, दोन्ही प्रकारचे. भरणीचा वेग जुना होईल, हात लावण्याचा वेळ परत मिळेल. तिखटच्या उपचारांचा खर्च कंपनी करणार आणि कंत्राट चालू राहणार, तसं लेखी आहे. मला दुसऱ्या विभागात टाकलंय, तिथे माणसंही नाहीत आणि मूल्यंही नाहीत, नुसत्या गाड्यांच्या फेऱ्या. बाबांना मी स्वतः सांगितलं. 'हं' म्हणाले, पण मग पाणी आणून दिलं.

आता शब्द परत तुमचा आहे. वापरा.

ताई

१७ जुलै

ताई,

तिखट कामावर आली. हाताला पांढरी पट्टी आहे, म्हणून सध्या खिडकीवर बसते. काल एकाला म्हणाली, "उभा धरा, पोतं आहे का?" आणि माझ्याकडे बघून हसली. हे तुला आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून तुला झोप येणार नाही.

फलक उतरवले. भिंतीवर त्यांचे चौकोन उरलेत. वेग कमी झालाय, सिलिंडर पुन्हा कोमट लागतात. बाणसाहेब खाली येऊन स्वतः म्हणाले, "कोणीही, कधीही थांबवा. कोणी काही विचारणार नाही." मला वाटतं ते खरंच बोलत होते.

आज उस्ताद म्हणाले, "अमानत."

कॉम्प्रेसरजवळून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. नंतर कळलं, पट्टा सैल झाला होता, विशेष काही नाही. हात थांबले, सगळे. पण लगेच नाही. आधी सगळ्यांच्या माना वर गेल्या, त्या काचेच्या केबिनकडे. बाणसाहेब तिथे नव्हतेसुद्धा, खुर्ची रिकामी होती. रिकामी आहे हे बघून मग हात थांबले. फार तर एक श्वास घेण्याइतका वेळ. पण त्या दिवशी उजेड पडायलाही तेवढाच लागला होता गं.

अंगणात मशवरा बसला. लिहून घेणारी बाई आता येत नाही. उस्ताद म्हणाले, "लहान कोण? बोल."

पट्ट्याबद्दल बोलून सुटता आलं असतं. मी म्हटलं, "आपण सगळ्यांनी आधी वर पाहिलं."

कोणी नाही म्हणालं नाही. तिखट खिडकीतून उठून दारात येऊन उभी राहिली होती.

उस्तादांनी विचारलं, "तू पण पाहिलंस का रे?"

"हो," मी म्हटलं. "सगळ्यात आधी मीच पाहिलं."

छोट्या